मी पर्वत होते ते दिवस

आमच्या घरात कुठलाही अर्ज एकट्याने भरायची रीत नव्हती. रेशनकार्डाचा असो, विम्याचा असो, नाहीतर शाळेच्या सहलीचा. दिवेलागण झाली की दामूकाका पडवीतल्या झोपाळ्यावर बसायचे, चष्मा सदऱ्याला पुसायचे आणि एकेक रकाना मोठ्याने वाचायचे. दामूकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, घरातले कर्ते. ते वाचणार आणि बाकीच्यांनी आपापल्या जागेवरून उत्तरं द्यायची. काकी स्वयंपाकघरातून, बाबा अंगणातून, आई तांदूळ निवडता निवडता. पाचवीत असताना माझ्या शाळेच्या अर्जात ‘उंची’ असा रकाना होता, तर तिघांनी मिळून माझी उंची ठरवली, मी समोर उभी असताना. टेप आणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. काकी म्हणाली जास्त लिहा, वाढतं अंग आहे, पुन्हा बदलायला नको. मला हे सगळं अगदी बरोबर वाटायचं. अर्ज म्हणजे घराचा कारभार, त्यात मी वेगळं काय सांगणार?

डहाणूला आमची चिकूची वाडी होती. वाडीतच घर, घराला लागून पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये रोज दुपारी चिकू निवडायला बायका बसायच्या. मोठा, मधला आणि गोटी अशा तीन ढिगांत चिकू जायचे. चिकूची माती हाताने पुसल्याचा खसखस आवाज, क्रेट सरकवल्याचा आवाज आणि त्या सगळ्यांवर दामूकाकांचा आवाज. काका बोलायला लागले की थांबायचे नाहीत. जेवतानाही तेच. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, हिवाळ्यात कधी मडक्यात शिजवलेली उकडहंडी, आणि काकांचं बाजारभाव, गुजरातचा व्यापारी, तालुक्याचं राजकारण. बाबा हं हं करायचे. मी सात-आठ वर्षांची असताना मध्ये काहीतरी बोलायला तोंड उघडायची, तोवर विषय पुढे गेलेला असायचा. मग मी तोंडात घास घालायची. असं करता करता मी घरातली ‘मुकी’ झाले. आल्यागेल्याला काकी कौतुकाने सांगायची, आमच्या नयनाचा आवाज कुणी ऐकलाय का विचारा.

अकरावीत होते तेव्हा मुंबईहून एक सर आमच्या कॉलेजात आले. गळ्यात टाय आणि पायात सँडल. व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर होतं. सरांनी फळ्यावर चार चित्रं काढली, दिवा, नदी, वारा आणि पर्वत, आणि म्हणाले, जगात माणसं फक्त चार प्रकारची. दिवा पुढे होतो आणि वाट दाखवतो. नदी सगळ्यांना मिळून-मिसळून घेते. वाऱ्याला नवीन नवीन सुचतं. पर्वत शांत, भरवशाचा, जागचा हलत नाही. आपण कोण हे एकदा कळलं की आयुष्यातला निम्मा गोंधळ संपला, असं ते म्हणाले. हे वाक्य मला फार आवडलं. मला तेव्हा आयुष्यात नेमका काय गोंधळ आहे तेही धड कळत नव्हतं, पण निम्मा संपणार असेल तर हवाच होता. त्यात वीज गेली, पंखे बंद पडले, पोरं बाकांवरून उठायला लागली. सर म्हणाले, प्रश्नपत्रिका घरी न्या, शांतपणे एकट्याने बसून प्रामाणिक उत्तरं द्या, उद्या आणा.

‘एकट्याने बसून’ हे शब्द मी घरी सांगितलेच नाहीत. खरं तर मला ते ऐकूच आले नसावेत, कारण एकट्याने बसायला आमच्याकडे जागा कुठे होती! मी कागद काकांच्या हातात दिला. काकांनी चष्मा पुसला. “अनोळखी माणसांच्या गर्दीत तुम्हाला उत्साह वाटतो की थकवा?” काकी आतून म्हणाली, “थकवा लिहा. महालक्ष्मीच्या जत्रेत हिचं डोकं धरलं होतं.” डोकं धरलं होतं ते उन्हात रिकाम्या पोटी उसाचा रस ढोसल्यामुळे, पण तोवर काका पुढच्या प्रश्नावर गेले होते. “तुम्ही आधी विचार करता की आधी कृती?” काकी म्हणाली, “भाकरी उलट म्हटलं तरी आधी विचारच करते ही.” सगळे हसले, मीही हसले. “तुम्ही आपल्या भावना व्यक्त करता का?” बाबांनी विचारलं, व्यक्त म्हणजे? काका म्हणाले, बोलून दाखवणं. मग तर सगळे आणखीच हसले आणि काकांनी ‘कधीच नाही’वर खूण केली. आईने फक्त एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तांदळातले खडे काढायला लागली.

मी पर्वत निघाले. नुसता पर्वत नाही, सर म्हणाले, इतका शुद्ध पर्वत मी क्वचित पाहिलाय. वर्गासमोर उभं करून त्यांनी मला एक छापील प्रमाणपत्र दिलं. त्यावर डोंगराचं चित्र, खाली माझं नाव आणि त्याखाली मी कुठली कामं करावीत ते. एकट्याने करायची, बारकाईची, कमी बोलायची. काकांनी ते स्टेशनजवळून लॅमिनेट करून आणलं आणि हॉलमध्ये कॅलेंडरशेजारी खिळा ठोकून लावलं. “आपण म्हणत होतो तेच निघालं बघ,” ते बाबांना म्हणाले. आता मला हसू येतं, दुसरं काय निघणार होतं? पण तेव्हा मला खरंच वाटलं की मुंबईच्या सरांनी माझ्या आत डोकावून पाहिलं. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. कुणीतरी नाव दिलं होतं. मी चालायलासुद्धा जरा हळू लागले.

आता अच्छाडबद्दल सांगायला हवं, नाहीतर माझी अडचण कळायची नाही. माझी आई तलासरीकडची. तिचा धाकटा भाऊ, वसंतमामा, गुजरातच्या हद्दीवरच्या अच्छाडला हायवेवर टायर-पंक्चरचं दुकान चालवायचा आणि दुकानाला लागूनच मामीची चहाची टपरी होती. तिथे चेकनाक्यापायी ट्रकांची रांग लागलेली असायची. मे महिना आणि दिवाळीची सगळी सुट्टी माझी तिथे जायची. मामाच्या तोंडाजवळ एकदा टायर फुटला होता, तेव्हापासून त्याचा एक कान पार गेला आणि दुसराही अर्धाच राहिला. त्यात ट्रकांचे हॉर्न, हवा भरायच्या मशीनची धडधड. मामाला काही सांगायचं म्हणजे ओरडायलाच लागायचं. मी पहिल्याच सुट्टीत ओरडायला शिकले. मामी चहा गाळायची, मी ग्लास पोचवायची आणि ड्रायव्हर लोकांशी हिंदी-गुजरातीत भांडायची. कुणी म्हणालं, “ओ बेन, केटला थया?” की मी तिथूनच आकडा ओरडून सांगायची. कुणी चहा पिऊन तसाच गाडीत चढला तर मी पायरीवर चढून म्हणायची, “क्या उस्ताद, पैसे कौन देगा, तेरा ट्रेलर?” ते हसायचे आणि द्यायचे. फाफडा-गाठिया खात मी दिवसभर बडबडायची. मामा मला ‘भोंगा’ म्हणायचा. डहाणूला परतताना एसटी वाडीच्या फाट्याशी आली की माझा आवाज आपोआप आत जायचा. मी काही ठरवून करत नव्हते. दोन्हीकडे मला कधी खोटं वागल्यासारखं वाटलं नाही, ही खरी गंमत.

प्रमाणपत्र लागल्यावर थोड्याच दिवसांत मामा आईला भेटायला आला. पाणी पिता पिता त्याची नजर भिंतीवर गेली. डोळे बारीक करून त्याने सगळं वाचलं आणि विचारलं, “ही कोण?” काका म्हणाले, “कोण म्हणजे? तुमची भाची.” मामा म्हणाला, “शांत? ही? अहो, हिच्या आवाजाने माझा राहिलेला कान जायची वेळ आलीये.” काका म्हणाले, तुमच्याकडे हायवेवर कुणीही ओरडतं, ते काही खरं नव्हे, मूळ स्वभाव घरी दिसतो. मामाला नेमका ‘घरी’ हा शब्द लागला. “माझं घर नाही वाटतं?” तो म्हणाला. चहा येईपर्यंत दोघांची चांगलीच जुंपली होती, आणि मी दोघांच्या मध्ये स्टुलावर बसले होते. मजा म्हणजे ‘नयना, तूच सांग’ असं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. आणि विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? मामाच्या बाजूने बोलायला मामाकडचा आवाज लागला असता, आणि तो या घरात माझ्याकडे नव्हता.

बारावी झाली आणि ही गंमत गंमत राहिली नाही. काकांनी प्रमाणपत्राकडे बोट दाखवून सांगितलं, हिला लॅब टेक्निशियनचा कोर्स. काचेच्या नळ्या, रक्त-लघवी तपासायची, कुणाशी बोलायला नको. वापीला ओळखीने त्यांनी जागाही सांगून ठेवली. मामाने त्याच महिन्यात दुकानामागची खोली रंगवली आणि निरोप धाडला की भोंग्याला इकडे पाठवा, ती बसली तर मी आणखी एक टपरी टाकतो. आईने मला बाजूला घेऊन विचारलं, तुला काय हवंय? मी म्हटलं, माहीत नाही. ती जरा चिडली. “माहीत नाही म्हणजे काय, अठरा वर्षांची घोडी झालीस.” पण मला खरंच माहीत नव्हतं. नळ्यांसमोर गप्प बसलेली मी मला दिसायची आणि पटायची. टपरीवर ओरडणारी मीही दिसायची आणि तीही पटायची. एकीला हो म्हटलं की दुसरी कायमची जाणार, असं वाटायचं. त्या वर्षी मी कुठेच कायमची गेले नाही. पुढच्या जूनपर्यंत काय ते ठरवा, असं काकांनी जाहीर केलं, आणि सगळे माझ्याकडे पाहत राहिले.

माझी धाकटी नणंद परवाच मला फोनवर असली एक चाचणी देऊन दाखवत होती. तिच्या ऑफिसात म्हणे सगळ्यांना द्यावी लागते. “वहिनी, मी अगदी अशीच आहे गं,” असं ती उत्तर वाचत म्हणाली आणि तिचा चेहरा इतका खुलला होता की मी नुसती मान डोलावली. तो आनंद मला माहीत आहे.

तर बारावीनंतरच्या त्याच वर्षी दिवाळीनंतर आमच्या भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. तलासरीकडे जास्त, डहाणूला त्या मानाने कमी. पहिला मोठा धक्का बसला तेव्हा मी अच्छाडला होते. आणि आमचं काय झालं, तर आम्हाला तो कळलाच नाही. हायवेला लागून घर, भरलेला ट्रेलर गेला की भांडी रोजच वाजायची, भिंत थरथरायची. मी चहा ओतत होते, टपरी हलली, मी किटली जरा घट्ट धरली आणि ओतत राहिले. मामीने ट्रेलरवाल्याला एक शिवी हासडली. पाड्यावरून माणसं धावत रस्त्यावर आली तेव्हा कुठे कळलं. एका बाईने मला पाहिलं आणि चारचौघांत सांगितलं, धरणी हलली पण ही पोरगी हलली नाही. ते डहाणूला काकांच्या कानावर गेलं. मी घरी पोचले तर काका अंगणातच उभे. “बघितलंत? पर्वत! कागद खोटं बोलत नाही.” मी म्हटलं, काका, मला वाटलं ट्रेलर आहे. पण मी ते इतकं हळू म्हटलं की कुणाला ऐकू गेलं नाही. वापीचं पक्कं झाल्यात जमा होतं.

मग थंडीतली ती दुपार. शेडमध्ये बायका चिकू निवडत होत्या, काका काट्यापाशी खुर्ची टाकून बसले होते, मी मधल्या ढिगापाशी. आधी जमिनीखालून सुरुंग उडाल्यासारखा आवाज आला, मग पत्रे खडखडले आणि मोठ्या चिकूंचा ढीग आपोआप पसरायला लागला. आणि माझ्या तोंडून अच्छाडचा आवाज निघाला. डहाणूच्या त्या घरात तो पहिल्यांदाच निघाला. “उठा! सगळ्या बाहेर! क्रेट राहू दे, बाहेर!” बायका उठून पळाल्या. काका खुर्चीतच बसले होते, काट्याचा दांडा धरून. मी म्हटलं, “काका, उठा म्हणते ना!” आणि त्यांच्या सदऱ्याला धरून त्यांना ओढत अंगणात आणलं. एका कोपऱ्यातले पत्रे खाली आले, कुणाला लागलं नाही. धूळ बसल्यावर सगळ्यांनी आधी पत्र्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. काकांच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलं होतं. काकी हळूच म्हणाली, “अगो बाई, हिला आवाज आहे.”

दामूकाका निकाल द्यायला कधी घाबरले नाहीत, आणि बदलायलाही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्रमाणपत्र स्वतःच्या हाताने उतरवलं. म्हणाले, त्या सरांना काही कळत नव्हतं, ही पर्वत नाही, दिवा आहे दिवा. आता वापी बंद. आता पोलीस भरती. बोर्डीच्या किनाऱ्यावर पोरं-पोरी भरतीसाठी धावतात, तिथे उद्यापासून जायचं. मामाला फोन लावून त्यांनी वर म्हटलंसुद्धा, तुमचंच खरं निघालं हो. मामा तिकडून काय ओरडला ते अंगणापर्यंत ऐकू आलं. मी तीन-चार दिवस खुशीत होते. काय सांगू, मी स्वतःवर जाम खूश होते. मला वाटलं, सापडले. कागदाने नाही, काकांनी नाही, मामाने नाही, संकटाने दाखवलं मी कोण ते. माणसाची खरी ओळख संकटात होते असं सगळे म्हणतात, मग झालीच की माझी. मी जेवताना चक्क बोलायला लागले. भरतीच्या धावण्याबद्दल बोलले, बाजारभावाबद्दलसुद्धा बोलले, आणि काकांनी ऐकून घेतलं.

त्याच आठवड्यात पुन्हा धक्का बसला. माहेरी आलेल्या चुलत बहिणीचा पोरगा, काकांचा नातू ओम, वर्षाचाही नव्हता, आतल्या खोलीत पाळण्यात झोपला होता. मी स्वयंपाकघर आणि ती खोली यांच्या मधल्या दारात होते, कपड्यांच्या घड्या हातात. तोच आवाज, तोच हादरा. यावेळी मला आवाज ओळखू आला, ट्रेलर वगैरे काही वाटलं नाही. मला माहीत होतं काय करायचं ते. पाळणा चार पावलांवर होता. आणि मी चौकटीला दोन्ही हातांनी धरून तिथेच उभी राहिले. पाय उचलेनात. ओरडायला गेले तर घशातून काही निघेना. काकी, पालीला घाबरून खुर्चीवर चढणारी काकी, मागून धावत आली आणि मी दार अडवून उभी. तिने मला ढकललं, मी हलले नाही. शेवटी ती वाकून माझ्या हाताखालून घुसली, पाळण्यातून पोराला उचललं आणि तशीच परत माझ्या हाताखालून बाहेर गेली. तिची नखं माझ्या दंडाला लागली होती. वरचं एक कौल फुटून रिकाम्या पाळण्यात पडलं ते मी पाहिलं, तेव्हा कुठे माझे हात सुटले.

मला कुणी बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. काकी उलट म्हणाली, “पायात गोळा आला असेल पोरीच्या, होतं असं.” काका झोपाळ्यावर बसून होते आणि त्यांच्याकडे निकाल नव्हता. ते पहिल्यांदाच गप्प बसलेले पाहून मला रडू फुटलं. मी परसात आईजवळ जाऊन बसले. समुद्राकडच्या धाकट्या डहाणूची कोळीण नुकतीच बोंबील टाकून गेली होती आणि आई ते साफ करत होती. मी म्हटलं, आई, मी नक्की कोण आहे गं? परवा ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं ती, की आज दार अडवून उभी राहिली ती? आई म्हणाली, “लग्नाआधी मला माशाचा वास आला तरी उलटी व्हायची. तलासरीला आमच्या घरात कुणी सुका जवळासुद्धा आणत नव्हतं माझ्यापायी. आता ही कोळीण दोन दिवस आली नाही तर मीच फाटकापर्यंत जाऊन बघते.” मी विचारलं, मग खरी तू कोणती? तिने हातातला बोंबील चिरला, आतलं काढून टाकलं. “मला काय माहीत. विचार करत बसले असते तर रांधलं कुणी असतं?” मला तेव्हा तिचा राग आला. मी एवढं मोठं विचारतेय आणि ही बोंबलाचं सांगतेय. आज वाटतं, तिला माहीत होतं तेवढं तिने सगळं सांगितलं होतं. पण समाधान तेव्हाही झालं नव्हतं आणि आजही पुरतं झालंय असं नाही.

मामीच्या पाड्याजवळ एक बालवाडी होती. तिथे शिकवणाऱ्या एक ताई धक्क्यांना घाबरून माहेरी निघून गेल्या होत्या आणि जागा रिकामी होती. मामीनेच आईला फोनवर सांगितलं. मी जाते म्हटलं. मुलांची आवड होती म्हणून नव्हे. त्या जागेबद्दल ना काकांनी काही ठरवलं होतं ना मामाने, एवढंच मला बरं वाटलं. घरात कुणी विरोध केला नाही. त्या दिवसानंतर माझ्या स्वभावाबद्दल बोलणं सगळ्यांनी टाकलंच होतं. पण भेटायला जायच्या दिवशी काका म्हणाले मी सोबत येतो, आणि अच्छाडला उतरलो तर मामाही तयार होऊन उभा. रिक्षात दोघे माझ्या दोन्ही बाजूंना. काका म्हणाले, “संयम आहे असं सांग. लहान मुलांत संयम लागतो.” मामा ओरडला, “धडाडी सांग, धडाडी!” रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. मी दोघांनाही हो म्हटलं, कारण दोन्ही मला सांगता आलं असतं, पण कुठलंही सांगितलं तरी ओमच्या पाळण्यातलं कौल मला दिसलंच असतं.

बालवाडी म्हणजे कौलारू एक खोली, पुढे अंगण. अंगणात निळ्या ताडपत्रीचा मांडव घातला होता आणि मुलं मांडवात बसून खिचडी खात होती. धक्के बसायला लागल्यापासून ती शक्यतो बाहेरच बसायची, पण थंडी वाढली की आत न्यावं लागायचं. बालवाडी चालवणाऱ्या मोठ्या बाई साठीच्या असाव्यात, नऊवारी नाही की काही नाही, साधी सुती साडी आणि हाताला खिचडी लागलेली. काका-मामांना त्यांनी बाहेर बाकावर बसवलं, मला आत नेलं, एका छोट्या खुर्चीवर बसवलं, दुसऱ्या छोट्या खुर्चीवर स्वतः बसल्या. माझी बारावीची गुणपत्रिका पाहिली न पाहिली आणि म्हणाल्या, “स्वतःबद्दल सांगा.”

मी तोंड उघडलं. संयम जिभेवर आला आणि गेला. धडाडी आली आणि तीही गेली. बाहेर मुलं कलकलत होती. बाई थांबून राहिल्या. त्यांनी मध्ये काही भरलं नाही, दुसरा प्रश्नही विचारला नाही. माझ्या तोंडासमोर एवढी मोकळी जागा त्याआधी कुणी ठेवली नव्हती, आणि मला दुसरं काही सुचेना म्हणून मी झालं ते सांगायला लागले. पहिल्या धक्क्याला मी चहा ओतत राहिले, कारण मला ट्रेलर वाटला. दुसऱ्याला मी ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं, काकांनासुद्धा. तिसऱ्याला घरातलं तान्हं पोर आत होतं आणि मी दार अडवून उभी राहिले, माझ्या काकीला माझ्या हाताखालून जावं लागलं. मग मी म्हटलं, “चौथ्याला मी काय करीन मला माहीत नाही, बाई. इथे मुलं आहेत. तुम्हाला आधी सांगितलेलं बरं.” एवढं सांगून मी उठलेच. माझ्या मते विषय संपला होता.

बाई मात्र बसूनच होत्या. त्यांनी खोलीच्या दाराकडे पाहिलं, मग मुलांच्या सतरंजीकडे, मग पुन्हा दाराकडे, मनात काहीतरी मोजल्यासारखं.

“तुम्ही तिकडे खिडकीशी बसत जा,” त्या म्हणाल्या. “घाबरलात तर घाबरा, माझेही पाय लटपटतात. फक्त दारात उभ्या राहू नका. पोरांना वाट ठेवा.”

मी सोमवारी सकाळी गेले आणि खिडकीशी बसले.